जिंकलेला डाव हातचा गेला, आता क्लबात कसा जाऊ?

ताई,
मी ४७ वर्षांचा आहे. कराडजवळच्या एका पतसंस्थेत वसुलीचं काम बघतो. आमच्या गावच्या वाचनालयाच्या वरच्या खोलीत रोज संध्याकाळी सात ते नऊ बुद्धिबळ चालतं. १४ वर्षं मी तिथे जातोय, आणि वकीलसाहेबही. ते वकिली करतात म्हणून सगळे त्यांना तसंच म्हणतात. मागच्या महिन्यात आम्ही दोघं एकाच एसटीने मानांकन स्पर्धेला गेलो आणि सहाव्या फेरीत नेमकी आमचीच जोडी लागली. माझं मानांकन १५५६, त्यांचं १५२२. डाव चार तास चालला. शेवटी माझ्याकडे राजा, हत्ती आणि एक प्यादं, त्यांच्याकडे राजा आणि हत्ती. प्याद्याचा वजीर व्हायला एक घर बाकी. पण माझा राजा बाहेर पडला की ते शह देत सुटायचे आणि मला परत यावं लागायचं. माझी पाळी असताना, मी विचार करत होतो तेव्हा त्यांनी एकदा ड्रॉ विचारला. मी नाही म्हणून मान हलवली. चार चालींनी पुन्हा विचारला. तीच स्थिती तिसऱ्यांदा आली असं मला वाटलं, घड्याळात मिनिटही नव्हतं, मी हात पुढे केला. ऐन वेळी माझी हिंमत गेली. सह्या झाल्यावर ते सगळ्यांदेखत म्हणाले, 'अहो, हत्ती ई४ केला असतात तर मी हरलोच होतो की!' भोवती उभी असलेली चार-पाच पोरं हसली. परतीच्या एसटीत मी झोपेचं सोंग घेतलं. घरी येऊन मोबाइलवर इंजिन, म्हणजे चाली तपासणारा प्रोग्रॅम, लावलं, तर खरंच मी जिंकत होतो. तीन आठवडे वाचनालयाकडे फिरकलो नाही. बायको म्हणते, 'एवढं मनाला लावून घ्यायचं तर खेळता कशाला?' आपण हरतोय हे ठाऊक असताना ड्रॉ मागणं बरोबर आहे का? आणि या वयात मी स्पर्धा खेळणं थांबवावं का? स्कोअरशीटचा, म्हणजे चाली लिहिलेल्या कागदाचा, फोटो सोबत पाठवतोय.
– एक वाचक, सातारा जिल्हा

नमस्कार,

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि मग पट काढून तुमचा डाव पहिल्या खेळीपासून मांडला. फोटो मोठा करून बघावा लागला, कारण ६२व्या खेळीपासून तुमचं अक्षर बदललंय. तोवर प्रत्येक चाल रकान्याच्या मधोमध, वळणदार, पतसंस्थेच्या खतावणीत शोभावी अशी. तिथून पुढे अक्षरं रेघेबाहेर गेली आहेत आणि ६७व्या खेळीवर खाडाखोड आहे. डाव कुठे बिघडला ते इंजिनाने तुम्हाला सांगितलं असेल. मला ते तुमच्या हस्ताक्षराने आधी सांगितलं.

मित्राच्या वागण्याबद्दलचा तुमचा प्रश्न आधी घेते. तो काटा निघाल्याशिवाय बाकीचं तुमच्या कानात शिरणार नाही.

हरत असताना ड्रॉ मागण्यात काहीही गैर नाही. समोरच्याला रस्ता दिसत नाहीये हे ओळखणं आणि त्याला बरोबरी देऊ करणं हा खेळाचाच भाग आहे. वकीलसाहेबांना ई४ची चाल ठाऊक होती म्हणून ती तुम्हाला सांगणं किंवा मुकाट्याने हरणं हे त्यांचं कर्तव्य नव्हतं. उद्या तुम्ही त्यांच्या जागी असाल तेव्हा तुम्हीही मागा. नियम एवढाच की आपली चाल करायची, मग बरोबरी विचारायची आणि मग घड्याळ दाबायचं. तुमच्या स्कोअरशीटवर बरोबरीची खूण दोन ठिकाणी आहे. (ती खूण तुम्ही केलीत याचं कौतुक वाटलं. नियमात आहे, पण फार थोडे करतात.) दुसऱ्यांदा, म्हणजे ६९व्या खेळीनंतर, त्यांनी रीतसर विचारलं. पहिल्यांदा मात्र घड्याळ तुमचं चालू होतं, तुम्ही विचारात होतात, तेव्हा विचारलं. असा प्रस्ताव रद्द ठरत नाही, पण वेळ चुकीची होती. प्रतिस्पर्ध्याचं लक्ष विचलित करू नये, विनाकारण ड्रॉ विचारत राहू नये, असा फिडेचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाचा, स्पष्ट नियम आहे. त्या क्षणी घड्याळ थांबवून पंचांना बोलवायचा हक्क तुम्हाला होता. तुम्ही बोलावलं नाहीत, कारण समोर १४ वर्षांचा मित्र बसला होता. मीही कदाचित बोलावलं नसतं. पण हक्क आहे हे माहीत असावं.

आणि डाव संपल्यावर पोरांसमोर त्यांनी जे काढलं, ते मला मुळीच आवडलं नाही. हात मिळवून अर्धा मिनिट झालेला नसतो, माणूस चार तासांचा थकलेला असतो, अशा वेळी त्याची चूक चारचौघांत मोठ्याने सांगू नये. ते कोपऱ्यातल्या रिकाम्या टेबलावर, दोघांतच, 'दाखवू का?' असं विचारून सांगायचं असतं. या एका गोष्टीसाठी तुम्ही त्यांच्यावर रागावला असाल तर तो राग रास्त आहे. ड्रॉ मागण्यासाठीचा राग मात्र सोडून द्या. दोन्हींची गाठोडी तुम्ही एकत्र बांधली आहेत म्हणून ओझं इतकं जड लागतंय.

आता डावाकडे येऊ. मला जे मनापासून सांगायचंय ते इथे आहे.

तुम्ही लिहिता, 'ऐन वेळी माझी हिंमत गेली.' मला तसं दिसलं नाही. हिंमत गेलेला माणूस ३१व्या खेळीला दोन प्याद्यांसाठी घोडा देऊन राजावर चाल करत नाही. तुम्ही केलीत आणि ती बरोबर होती. तुमच्याकडे एक माहिती नव्हती, बस. बुद्धिबळात हिंमत आणि माहिती यांची फार गल्लत होते, आणि त्या गल्लतीपायी चांगले खेळणारे प्रौढ लोक स्वतःला भित्रे समजून पट गुंडाळून ठेवतात. मी हे गेली तीस वर्षं बघतेय आणि दर वेळी जीव तुटतो.

६१व्या खेळीनंतरची स्थिती मांडा. मोबाइलवर नको, खऱ्या पटावर. (पांढऱ्याच्या बाजूने बघताना उभ्या पट्ट्या डावीकडून ए ते एच, आडव्या ओळी खालून १ ते ८.) पांढरा राजा जी८, प्यादं त्याच्यापुढे... खरं तर त्याच्या पायाशी, जी७वर. तुम्ही हत्ती ई१वर आणून शह दिलात, काळा राजा डी७वर गेला. काळा हत्ती एच२वर, तुमच्या राजाची एच-पट्टी अडवून. (तो शह बिनचूक होता, हेही नोंदवून ठेवा. राजा डी७ऐवजी एफ६वर आला असता तर तुमचा राजा एफ८वर जाऊन वजीर झालाच असता.) आता तुमची पाळी. तुम्ही ६२व्या खेळीला राजा एफ७वर काढलात. शह, एफ२वरून. राजा जी६. शह, जी२वरून. राजा एच७. शह, एच२वरून. राजा परत जी८. पोलीस मागे लागल्यासारखी एक फेरी झाली. मग त्यांनी हत्ती एच३वर नुसता सरकवला आणि तुम्ही तीच फेरी पुन्हा घेतलीत.

आता मोहरे उचलून परत ६२व्या खेळीपूर्वीच्या जागी ठेवा, आणि राजाला हात न लावता हत्ती ई१वरून ई४वर ठेवा. शह नाही, धमकी दिसत नाही, पटाच्या मधोमध हत्ती नुसता उभा. ही चाल डोळ्यांना आळशी वाटते. म्हणूनच ती आपोआप सुचत नाही. कुणीतरी दाखवावी लागते. काळा काहीतरी करणार, समजा हत्ती एच१. आता राजा एफ७. शह, एफ१वरून. राजा जी६. शह, जी१वरून. इथे तुम्ही एच७कडे पळायचात. आता पळू नका, एफ६वर या. शह, एफ१वरून. राजा आणखी एक पायरी खाली, जी५. शह, जी१वरून. आणि आता ई४वर इतका वेळ गप्प उभा असलेला हत्ती जी४वर येतो. राजाच्या आणि शहाच्या मधोमध. शह संपले. हत्ती मारला तर राजा तो मारतो आणि पुढच्या खेळीला वजीर होतो. नाही मारला तरी वजीर होतोच.

मोजा, किती चाली झाल्या: हत्ती ई४, राजा एफ७, जी६, एफ६, जी५, हत्ती जी४. सहा. ६७व्या खेळीला सगळं आटोपलं असतं. मध्येच त्यांनी शह देणं थांबवलं, म्हणजे तुमचा राजा एफ६वर असताना हत्ती जी-पट्टीतच नुसता सरकवला, तर तुमचा हत्ती ई५ आणि मग जी५. राजाऐवजी प्याद्याच्या पाठीशी तोच उभा राहतो. याला सगळ्या जगात 'पूल बांधणं' म्हणतात. चौथी ओळच का, हा प्रश्न विद्यार्थी नेहमी विचारतात. कारण राजा शह चुकवत पायरी पायरी खाली येतो तो पाचव्या ओळीपर्यंत, आणि ढाल त्याच्या लगेच खाली हवी. ढाल आधी ठेवायची, राजा नंतर बाहेर काढायचा. तुम्ही राजा आधी काढलात. एवढाच फरक आहे हो.

या स्थितीला लुसेनाची स्थिती म्हणतात. लुसेना हा स्पॅनिश लेखक, त्याचं पुस्तक १४९७ सालचं. गंमत म्हणजे ही स्थिती त्या पुस्तकात नाहीच. ती सापडते १६३४ साली, साल्व्हिओ या इटालियन लेखकाकडे. म्हणजे जवळजवळ ४०० वर्षं ही गोष्ट माणसं एकमेकांना दाखवत आली आहेत. कुणीही ती पटासमोर बसून, घड्याळ टिकटिकत असताना, चौथ्या तासाला स्वतःची स्वतः शोधून काढावी अशी अपेक्षा नाही. ती पोरं हसली ना? ती तुमच्यापेक्षा हुशार आहेत म्हणून हसली नाहीत. आठ-नऊ वर्षांची असताना त्यांच्या प्रशिक्षकाने फळ्यावर ई४ काढून दाखवलं, घरी सराव दिला, म्हणून त्यांना ठाऊक होतं. तुमच्या वाचनालयाच्या खोलीत तुम्हाला हे कुणी दाखवलं? १४ वर्षं रोज दोन तास खेळलात आणि एकाही संध्याकाळी कुणी म्हणालं नाही की आज खेळायचं नाही, आज राजा-हत्ती-प्यादं बसवायचं. ही तुमची एकट्याची उणीव नाही. गावोगावच्या क्लबांत मला हेच दिसतं. खेळ भरपूर, शिकवणं शून्य.

आता स्कोअरशीटच्या कडेला तुम्ही घड्याळातला वेळ टिपलाय, त्यावर बोलू. ही सवय सोन्यासारखी आहे, पण टिपलेलं परत वाचलं पाहिजे. डाव ९० मिनिटांचा, प्रत्येक चालीला ३० सेकंद वाढीव. १४व्या खेळीला तुम्ही २२ मिनिटं घालवलीत. स्थिती काय होती? सी३वरचा घोडा ई२वर न्यावा की ए४वर. मी दोन्ही मांडून पाहिलं, दोन्ही चालल्या असत्या. मग १९व्या खेळीला ११ मिनिटं, २३व्याला ९. आणि ६२व्या खेळीला, जिथे अख्खा डाव टांगलेला होता, तिथे ४० सेकंद. ६६व्याला २५. खर्च कुठे झाला ते तुम्हाला मी काय सांगणार, तुमचं कामच वसुलीचं आहे. पण तुम्ही पत्रात लिहिलंय की स्पर्धेआधी तीन महिने लंडन सिस्टिमचे, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या एका ठरावीक मांडणीचे, व्हिडिओ पाहत होतात. आणि डावात आठव्याच खेळीला त्या व्हिडिओंचा रस्ता संपला. तिथून पुढे जे दिसेना त्याच्यावर वेळ जाळलात, म्हणून शेवटी हातात ३० सेकंदांची भीक उरली.

माझं मत यात एकदम पक्कं आहे: १८००च्या खालच्या खेळाडूने सुरुवातीच्या चालींवर तीन महिने घालवू नयेत. थोडेच मोहरे उरले की डावाची अंतिम अवस्था येते, आणि सगळ्या अंतिम अवस्थांत हत्तीच्या अंतिम अवस्था सर्वांत जास्त वेळा येतात. त्यातल्या दोन स्थिती, फक्त दोन, हाताला बसल्या तरी तुमच्यासारख्याचं वर्षभरात कितीतरी भलं होईल. एक ही, जिंकणाऱ्याची. दुसरी बचाव करणाऱ्याची, तिला फिलिडोरची म्हणतात. आणि इथे तुम्हाला एक गोष्ट सांगते, तुमच्या मित्राबद्दल. ४७व्या खेळीला वकीलसाहेबांचा राजा जी७वर होता, तुमच्या प्याद्याच्या वाटेत ठाण मांडून. तुमचं प्यादं तेव्हा जी४वर, राजा एच५वर. त्यांनी हत्ती पटाच्या सहाव्या ओळीत आणून तिथेच डावी-उजवीकडे फिरवत ठेवला असता तर तुमचा राजा ती ओळ ओलांडूच शकला नसता. प्यादं सहाव्या घरात ढकललंत की त्यांनी हत्ती थेट पहिल्या ओळीत नेऊन पाठीमागून शह सुरू करायचे. तुमच्या राजाला लपायला जागा नाही. सरळ बरोबरी. त्याऐवजी ते मात होण्याच्या भीतीने राजा एफ७, मग ई७ असा बाहेर घेऊन आले आणि तुम्ही हत्ती एफ१वर आणून त्यांना पलीकडेच कोंडलंत. ती चाल सुरेख होती! म्हणजे ज्यांनी तुम्हाला ई४ सांगितलं, त्यांना स्वतःला सहावी ओळ ठाऊक नव्हती किंवा त्या क्षणी आठवली नाही. तुम्ही दोघं एकाच खोलीत वाढलेले खेळाडू आहात. त्यांना पूल माहीत, पण सहाव्या ओळीची भिंत नाही. तुम्हाला पूल माहीत नाही.

तुम्ही आणखी दोन गोष्टींना घाबरलात, त्यांचाही हिशेब करून टाकू. तीच स्थिती तिसऱ्यांदा आली असं तुम्हाला वाटलं. नव्हती आली. त्याच खेळाडूची पाळी आणि सगळे मोहरे त्याच घरांत, अशी स्थिती ६१व्यानंतर एकदा आणि ६९व्यानंतर दुसऱ्यांदा आली होती. आणि तिसऱ्यांदा आली तरी डाव आपोआप बरोबरीत सुटत नाही, कुणाला तरी पंचांकडे दावा करावा लागतो. ५० चालींचा नियमही लांब होता. प्यादं ५८व्या खेळीला जी७वर आलं होतं, म्हणजे मोजणी तिथून सुरू. तुमच्याकडे अजून जवळजवळ ४० चाली होत्या आणि प्रत्येक चालीला ३० सेकंद नव्याने मिळत होते. कुणी तुमच्या मागे लागलं नव्हतं. ७०व्या खेळीला हात पुढे केलात तेव्हासुद्धा हत्ती ई४ पटावर तशीच जिंकणारी होती. ६२, ६६, ७०. तीनदा.

हे वाचून तुम्हाला परत बोचेल, मला कळतंय. माझ्या बाबतीत हे १९व्या वर्षी झालं. महिलांच्या एका स्पर्धेत, शेवटून दुसरी फेरी, प्यादं सी७वर, आणि मी तुमच्यासारखीच गोल गोल फिरले. रात्री जेवले नाही. ज्यांच्याकडे शिकत होते ते सर मुक्कामाच्या खोलीवर आले, हातात घडीचा पट आणि कापडी पिशवीतल्या सोंगट्या. 'रडून झालं की सांग' म्हणाले आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. मग दहा-बारा वेळा माझ्याकडून पूल बांधून घेतला. आधी सी-पट्टीत, मग डी, मग एफ, मग काळ्या बाजूने उलटा पट करून. शेवटी म्हणाले, ए आणि एचच्या कडेच्या प्याद्याला हे लागू पडत नाही, ते नंतर शिकवीन. त्या रात्रीनंतर ही स्थिती माझ्याकडून एकदाही सुटली नाही. आज कुणी मला झोपेतून उठवून विचारलं तरी हात आधी हत्तीकडे जाईल.

इंजिनाबद्दल थोडं. तुम्ही रात्री मोबाइलवर डाव घातलात, आकडा पाहिलात आणि शरमलात. पटावर पाचच मोहरे होते: दोन राजे, दोन हत्ती, एक प्यादं. सात मोहऱ्यांपर्यंतच्या सगळ्या स्थिती संगणकांनी आधीच सोडवून ठेवल्या आहेत, त्यामुळे तिथे तो विचार करत नाही, उत्तर काढून दाखवतो. त्याच्याशी स्वतःची तुलना करणं म्हणजे उत्तरपत्रिकेशी तुलना करणं. इंजिन जरूर लावा, पण दुसऱ्या दिवशी. त्याआधी एका वहीत डावाच्या पाच-सहा जागा निवडून लिहा: इथे मी काय विचार केला, कशाची भीती वाटली, कुठली चाल पाहिलीच नाही. ६२व्यासमोर तुम्ही काय लिहाल? 'राजा बाहेर काढला की वजीर होईल असं वाटलं.' बस, रोग सापडला. इंजिनाचा आकडा हे कधीच सांगणार नाही.

आणि वयाचं म्हणता, तर १२ डिसेंबर २०२४ची दुपार आठवा. सिंगापूर, जगज्जेतेपदाचा १४वा आणि शेवटचा डाव. डिंग लिरेन, त्या क्षणी जगाचा विजेता, बरोबरीकडे चाललेल्या स्थितीत ५५व्या खेळीला हत्ती एफ२वर घेऊन गेला. हत्ती गेले, पाठोपाठ उंट गेले, उरलेल्या प्याद्यांच्या लढतीत १८ वर्षांचा गुकेश जिंकत होता. सामना साडेसात–साडेसहा. ती चाल दिसताच गुकेशचा चेहरा कसा बदलला ते सगळ्या देशाने पाहिलं. पण मी त्या संध्याकाळी बराच वेळ डिंगचा विचार करत होते. चौथ्या-पाचव्या तासाला थकलेल्या माणसाचा हात हत्तीवर चुकीच्या वेळी पडतो. तुमचाही तसाच पडला. वय ४७ म्हणून नव्हे. तुम्ही त्या दिवशी सकाळची पाचवी फेरी खेळून, मध्ये एक वडापाव खाऊन, तीन वाजता पुन्हा बसला होतात. हे तुम्हीच लिहिलंय. पुढच्या वेळी दोन फेऱ्यांच्या मध्ये नीट जेवा, वीस मिनिटं पाठ टेका आणि चौथ्या तासासाठी खिशात शेंगदाण्याची चिक्की ठेवा. प्रशिक्षक म्हणून मी दिलेल्या सल्ल्यांत हा सर्वांत कमी ऐकला जातो.

मानांकनाचाही हिशेब मी करून ठेवलाय, कारण पत्रातला तुमचा सूर एखादं घर बुडाल्यासारखा आहे. तुमचे ३० मानांकित डाव कधीच होऊन गेलेत, त्यामुळे तुमचा गुणक २० (अपेक्षा आणि निकाल यांच्यातल्या फरकाला याने गुणायचं). मानांकनातला फरक ३४, म्हणजे तुमच्याकडून अपेक्षा ०.५५ची. बरोबरीने तुमचा एक गुण कमी झाला. जिंकला असतात तर नऊ वाढले असते. या दहा गुणांसाठी १४ वर्षांच्या संध्याकाळी सोडणार आहात का?

वहिनींना माझा नमस्कार सांगा. त्यांचा प्रश्न चुकीचा नाही. तीन आठवडे घरात तोंड पाडून बसलेला माणूस कुणाला आवडेल? पण त्यांना हेही सांगा की लागतं म्हणूनच खेळतो. ज्याला काहीच लागत नाही तो ६९ चाली लढत नाही. तुम्ही स्पर्धा थांबवू नका, असं माझं स्वच्छ मत आहे. फक्त पुढची स्पर्धा लगेच घेऊ नका. दोन महिने द्या, आणि त्या दोन महिन्यांत लंडन सिस्टिमचा एकही व्हिडिओ नको.

आता काय करायचं ते सांगते. येत्या गुरुवारी वाचनालयात जा. नेहमीपेक्षा थोडं आधी, पोरं यायच्या आत. वकीलसाहेब आले की आधी मनातलं बोलून टाका, दोन वाक्यांत: 'ड्रॉ मागितलात त्याचं मला काही नाही. पण पोरांसमोर बोललात ते लागलं.' त्यापुढे काही जोडू नका. ते काय म्हणतील मला माहीत नाही, पण जो माणूस तुमच्यासोबत एसटीने गेला आणि त्याच एसटीने परत आला, तो हे ऐकून घेईल असं मला वाटतं. मग पट काढा. राजा जी८, प्यादं जी७, हत्ती एफ१. त्यांचा राजा ई७, हत्ती एच२. त्यांना काळ्या बाजूला बसवा आणि सांगा, 'मला अडवून दाखवा.' घड्याळ लावा, दोघांना पाच-पाच मिनिटं. दहा वेळा खेळा. दहा वेळा झालं की बाजू बदला आणि त्यांच्याकडून पूल बांधून घ्या, तुम्ही शह द्या. शह देणारा काय शोधत असतो हे कळलं की बांधणाऱ्याचा हात स्थिर होतो. पुढच्या गुरुवारी फिलिडोर. सहावी ओळ त्यांना तुम्ही दाखवा, हळू आवाजात. जमलं तर महिन्यातली एक संध्याकाळ त्या खोलीत याच्यासाठी राखून ठेवा, कारण तिथे येणाऱ्या बाकीच्यांनाही हे कुणी शिकवलेलं नसणार.

एक राहिलं. वकीलसाहेब जुने खेळाडू आहेत, पाचव्या-सहाव्या वेळी म्हणतील की हत्ती एच२ऐवजी एच३वरून सुरू करू, मग बघा. करू द्या. उत्तर तेच आहे: ई१वरून शह, आणि मग ई४.